डोळा आलेला पेला

मरणाच्या आदल्या दिवशी थ्रासोन कुंभार आपल्या होऊ घातलेल्या जावयाची नक्कल करत होता.

त्याने ओठांचा चंबू केला, पोट पुढे काढलं आणि रिकामा हात पेला धरल्यासारखा उचलून तो म्हणाला, “उत्तम! अत्युत्तम! फक्त थ्रासोनबुवा, याचे कान जरा आखूड करता येतील का? जहाजात जागा फार खातात हो.”

लिसिला चाक फिरवत होती. तिला हसू आलं आणि तिने ते गिळलं. हसली असती तर बाबांनी तो होकार धरला असता.

“हसलीस,” थ्रासोन म्हणाला.

“नाही हसले. पाय वाकडा होतोय.”

“माझा?”

“पेल्याचा.”

त्याने खाली पाहिलं. खरंच, बोटांखालची माती एका अंगाला कलली होती. ती मोडून त्याने पुन्हा गोळा केला, चाकावर थापला आणि म्हणाला, “बघ, नुसती नक्कल केली तर हात लटपटला. एवढा वजनदार माणूस आहे लांपिस.”

लांपिस एजिना बेटावरचा व्यापारी. समुद्र निवळला की त्याचं जहाज बंदराला लागे. मग तो गाढवावर बसून अथेन्सच्या कुंभारवाड्यात येई, थ्रासोनचे पेले पेंढ्यात गुंडाळून नेई आणि पश्चिमेकडच्या तिर्‍हेनी लोकांना विकी. आदल्या खेपेला तो आला तेव्हा त्याची बायको नुकतीच गेली होती. पेल्यांचा भाव करता करता तो मध्येच रडायला लागला, आणि लिसिलाने रंगवायला घेतलेल्या पेल्यावर त्याचे अश्रू पडून ओला लेप ओघळला. तो पेला तिला पुसून पहिल्यापासून रंगवावा लागला होता. त्या दिवशी थ्रासोनच्या डोक्यात हे स्थळ शिरलं ते शिरलंच.

“बायकोसाठी रडणारा माणूस बायकोला जपतो,” तो म्हणे.

“किंवा रडका असतो,” लिसिला म्हणे.

यापुढे बोलणं जात नसे. थ्रासोनच्या घरात कुणीच कुणाशी समोरून बोलत नसे. सगळं थट्टेतून, किंवा मग मातीतून. आई होती तेव्हा ती दोघांच्या मधे दुभाष्यासारखी वावरत असे. ती गेल्यावर बाप आणि लेक, दोघंही एकमेकांच्या कामातल्या चुका काढून दिवस साजरा करीत.

लिसिलाला बापाने एकदा दिली होती. घर चांगलं होतं, तेलाच्या व्यापाऱ्याचं. मागच्या दालनात माग होता, मागासमोर ती होती आणि दार बंद होतं. नवरा वाईट नव्हता. तो संध्याकाळी मित्रांना घेऊन पुढच्या दालनात बसे, पलंगांवर कलंडून सगळे पीत, गात, पेल्यातला गाळ भिरकावून नेम धरीत, आणि भिंतीपलीकडून तिला फक्त आवाज येत. एकदा दासीने उष्टे पेले आत आणून ठेवले तेव्हा त्यांत बाबांचा एक निघाला. तिने तो तळापर्यंत पाहिला, बुडाच्या गोलात एक जाडा माणूस गाढवावर उलटा बसला होता. ती कितीतरी वेळ तो हातात धरून बसली होती. मग नवरा तापाने गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती आपली पेटी घेऊन परत बापाच्या दारात आली.

त्या दिवशी थ्रासोन उंबऱ्यावर उभा राहून हमसून रडला. “मी तुझं वाटोळं केलं,” म्हणाला. ती मान खाली घालून उभी राहिली. विधवेने जसं उभं राहायचं तशी. अंगणातून ओल्या मातीचा वास येत होता, भांडी भाजायच्या आव्यातून धूर येत होता, आणि आपल्याला इतका आनंद का होतोय याची तिला लाज वाटत होती. ती काही बोलली नाही. नंतर बोलायचं राहिलं. नंतर तर बोलणं आणखी अवघड झालं, कारण थ्रासोनने तिच्या दुःखावर औषध शोधायला सुरुवात केली होती. गिऱ्हाईक पेल्याचा भाव विचारी, तेव्हा हा गिऱ्हाइकाला विचारी की घरात कुणी लग्नाचं आहे का.

चाकावरचा पेल्याचा पाय या वेळी नीट उतरला. थ्रासोनने तो सावकाश कापून घेतला आणि फळीवरची सुकत आलेली पसरट वाटी उचलून तिच्या बुडाला जोडला. “हा साखरपुड्याचा पेला,” तो म्हणाला. “पौर्णिमेला लांपिस यायचाय. मी याच्यातून एक घोट घेईन आणि भरलेला पेला त्याच्या हातात देईन. तो पिईल. झालं. पेला त्याचा, लेक त्याची.”

“आणि बाकीचे घोट?”

“ते तुझा काका पिईल. त्याला कुठे आमंत्रण लागतं?”

तिने पेला हातात घेतला, फिरवून पाहिला. बापाचे पेले कसे असतात हे तिला माहीत होतं तरी प्रत्येक वेळी तिला बरं वाटे. कवडीइतका जाड काठ, मधे खोल होत गेलेलं पोट, दोन्ही बाजूंना उडायला निघाल्यासारखे कान. बाहेरून दोन मोठे डोळे रंगवायचे. पिणाऱ्याने पेला तोंडाला लावून वर केला की समोरच्यांना त्याचं तोंड दिसतच नाही. दिसतात ते डोळे, कानांच्या जागी पेल्याचे कान आणि तोंडाच्या जागी पेल्याचा पोकळ पाय. भारदस्त माणूस एका घोटापुरता सोंग होऊन बसतो आणि पलंगापलंगांवर हशा पिकतो.

“मी त्या पलंगावर कधी लोळलो नाही,” थ्रासोन नेहमी म्हणे. “मोठमोठ्यांच्या घरात मला मागच्या दाराने पेंढ्यासकट आत घेतात आणि पेंढ्यासकट बाहेर काढतात. पण माझे डोळे रोज तिथे असतात. कोण किती पितो, कोण कुणाकडे बघतो, सगळं बघतात.”

“डोळे मी काढते,” लिसिला म्हणाली.

“तुझे डोळे, माझे कान. म्हणून तर मला सगळं ऐकू येतं.”

दुपारभर तिने डोळे काढले. बारीक घोटलेल्या मातीचा लेप मातीच्याच रंगाचा असतो, वाळला की कुठे लेप आणि कुठे अंग हे नुसत्या नजरेला नीट उमगत नाही. हाताला ठाऊक असावं लागतं. बाहुली, भोवतीचं वलय, वर कमानदार भुवई. आव्यातून निघेपर्यंत यातलं काही काळं होत नाही. थ्रासोन मधून मधून येऊन डोकावून जाई. एकदा म्हणाला, “लांपिसकडे बदकं आहेत म्हणे. खूप. तुला बदकं आवडतात?”

“खायला.”

“तेही चालेल.”

संध्याकाळी मसुराची आमटी, जवाची भाकरी, कांदा. दोघं घरातल्या पेल्यांतून प्याले, म्हणजे वाकडे, चिरलेले, धुराने डागाळलेले, विकले न गेलेले. कुंभाराच्या घरात दुसरे पेले नसतात. थ्रासोन लवकर झोपायला गेला. जाता जाता दारातून म्हणाला, “उजवा डोळा छान झालाय. डावा जरा रागावलाय.”

“तो तुमच्याकडे बघतोय,” ती म्हणाली.

सकाळी तो उठला नाही. झोपेतच गेला होता, एक हात उशाखाली घालून, नेहमीसारखा.

त्यानंतरचे दिवस इतरांनी चालवले. येणाऱ्याजाणाऱ्यांनी हात धुवावेत म्हणून शेजारून आणलेलं पाणी दारात ठेवलं गेलं. मिका आत्या, थ्रासोनची थोरली बहीण, काठी टेकत आली आणि तिने सगळा ताबा घेतला. लिसिलाने केस कापले. रडायची वेळ आली तेव्हा ती रडली, पण तिला वाटत राहिलं की हे रडणं भलत्याच माणसासाठी चाललंय, बायकांच्या आक्रोशातल्या त्या थोर, गुणी, दुर्दैवी बापासाठी. तिच्या बापाला कुणी दुर्दैवी म्हटलं असतं तर त्याने त्या बाईची नक्कल केली असती.

पहाटे त्याला वेशीबाहेर नेलं. कुंभारवाडा आणि स्मशान यांच्यात तिथे एक भिंत आणि थोडा चिखल एवढंच अंतर. थडग्यांवर वाहायची भांडी पोहोचवायला थ्रासोनला तेवढंच चालावं लागे.

आवा भरून तयार होता, थ्रासोननेच भरलेला, फक्त साखरपुड्याचा पेला बाहेर राहिला होता. आंद्रोन काका म्हणाला, “सुतकात आवा पेटवायचा का नाही ते मला माहीत नाही. पण आभाळ भरून आलंय. कच्चा माल भिजला तर भावाच्या शेवटच्या कामाचा चिखल होईल.” आंद्रोन थ्रासोनचा धाकटा भाऊ, आयुष्यभर लाकूडफाटा आणि जाळ बघत आलेला. शकुनअपशकुनांना तो इतका घाबरे की शिंक आली तर घरात परत जाऊन बसे. त्याने आव्याच्या तोंडावरच्या दाढीवाल्या विद्रूप मुखवट्याला हात जोडले. तो मुखवटा मडकी फोडणाऱ्या भुतांना पळवायला असतो. मग काका लिसिलाला म्हणाला, “जाळ मी घालतो. भोकातून बघायचं काम तू कर. बघायला तो तुलाच बसवायचा.”

तिने घाईघाईने शेवटचा पेला वरच्या थरात सरकवला आणि तोंड लिंपून घेतलं. मग दिवसभर भोकापाशी बसून राहिली. हवा मोकळी, सगळं लाल. झडपा बंद, ओली लाकडं आत, दाट धूर, सगळं काळं. पुन्हा झडपा उघडायच्या, अंग परत लाल होतं आणि लेप काळाच राहतो. तेवढा एक क्षण चुकवायचा नाही. तिने तो चुकवला नाही.

आवा थंड झाल्यावर उघडला तेव्हा माल उत्तम निघाला. फक्त त्या एका पेल्याला शेजारच्या पेल्याचा पाय टेकला होता. टेकलेल्या जागी धूर पोचला नव्हता. बरोबर डाव्या डोळ्याच्या बाहुलीवर एक लालभडक गोल राहिला होता.

मिका आत्याने पेला हातात घेऊन पाहिला, लांब धरून पाहिला, आणि म्हणाली, “अगं बाई! याला डोळे आलेत.”

“एकच आलाय, आत्या.”

“दुसराही येईल उद्यापर्यंत. ही साथ असते.”

बाप गेल्यापासून लिसिला तेव्हा पहिल्यांदा हसली, आणि हसताना लक्षात आलं की हे बाबांना सांगायला हवं होतं.

लांपिस पौर्णिमेला आला तो वेशीवरच सगळं कळून, मान खाली घालून. आत न येता बाहेरूनच आंद्रोनला म्हणाला, “मी थांबतो बंदरावर. सुतक फिटू दे. त्यांना शब्द दिलाय मी.” आंद्रोन गहिवरला. आता लेकीचा पालक तोच होता. घरात येऊन त्याने जाहीर केलं की सुतक फिटायच्या दिवशी, जेवण आटोपलं की लगेच, थ्रासोनच्या जागी तो पेला देईल. “दादाची एवढी एकच इच्छा होती,” तो म्हणाला. “ती मी मोडणार नाही. लिसिले, तुला काही म्हणायचंय?”

लिसिला म्हणाली, “मासे किती आणायचे?”

मिका आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि काठी जमिनीवर आपटली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती म्हणाली, “तुझ्या बापाचीच लेक तू. त्यालाही दाढ दुखत असली की तो हवापाण्याचं बोलायचा.”

सुतक फिटायच्या दिवशी दुपारी अंगणात बाकं मांडली. शेजारचा घागरीवाला आला, वाड्यातले आणखी चारपाच कुंभार आले. बायका भिंतीकडेला बसल्या. सगळ्यांच्या डोक्यावर हार होते, मर्टलच्या सुगंधी झुडपाच्या पानांचे. लांपिस खारवलेल्या माशांची टोपली आणि एक जिवंत बदक घेऊन आला. बदक त्याने कोपऱ्यात बांधलं. ते जेवण होईपर्यंत प्रत्येकाला काहीतरी बोलत राहिलं.

“त्याला गप्प करा हो,” घागरीवाला म्हणाला.

“नवऱ्याकडचं आहे,” मिका आत्या म्हणाली. “त्याला मान द्यायला हवा.”

लांपिस कानापर्यंत लाल झाला.

मद्य आणि पाणी मोठ्या भांड्यात मिसळलं. या जेवणात पेला उजवीकडे फिरतो. ज्याच्या हाती येईल त्याने गेलेल्या माणसाविषयी एक चांगली गोष्ट सांगायची, घोट घ्यायचा आणि पुढे द्यायचा. गोष्ट खरी असायला हवी. या दिवशी मेलेला माणूस ऐकत असतो, आणि त्याच्यासमोर त्याच्याविषयी खोटं बोलायला कुणाची जीभ वळत नाही.

“कुठल्या पेल्यातून?” आत्याने विचारलं.

“याच्यातूनच,” आंद्रोनने तो साखरपुड्याचा पेला पुढे केला. “दादाने घडवलेला शेवटचा. फेरी झाली की धुऊन, भरून लांपिसच्या हातात देईन. एकाच पेल्यात दोन्ही कामं.”

पेला पहिल्यांदा घागरीवाल्याकडे गेला. तो उठून उभा राहिला. “थ्रासोन वाईट कुंभार आहे असं मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो,” तो म्हणाला. “त्याला ते माहीत होतं. तरी माझा आवा विझला की तो फावड्यात निखारे घेऊन स्वतः यायचा. आणि यायचा तो ओरडत यायचा, ‘घ्या, वाईट कुंभाराचे चांगले निखारे!’ सगळ्या वाड्याला ऐकू जायचं.” तो खाली बसला, त्याने पेला तोंडाला लावून वर केला, आणि अंगणभर खसखस पिकली. कारण घागरीवाल्याच्या तोंडाच्या जागी दोन प्रचंड डोळे आले होते, एक काळाभोर आणि एक सुजून लाल झालेला, आणि ते दोन्ही लांपिसच्या बदकाकडे बघत होते.

“काय झालं?” घागरीवाल्याने पेला खाली घेतला.

“काही नाही, प्या. कांदा चिरल्यासारखे दिसताय.”

पुढचा माणूस मुद्दाम सावकाश प्याला. त्याच्या पुढच्याने पिता पिता मान डावीउजवीकडे हलवली. सुतकाच्या घरात एवढं हसणं बरं की वाईट हे कुणाला कळेना, पण थांबताही येईना. लिसिलाने तोंडावर पदर घेतला. त्याच्याआड ती हसत होती आणि डोळेही वाहत होते, आणि दोन्हींपैकी एकाचीही तिला अडचण वाटत नव्हती.

पेला लांपिसकडे आला. तो उठला, बराच वेळ काठाशी अंगठा फिरवत राहिला. “ते माझी नक्कल करायचे,” तो म्हणाला.

लिसिलाने मान खाली घातली.

“मला माहीत होतं. एकदा गाढव बांधायला मागच्या बाजूला गेलो होतो, भिंतीपलीकडून ऐकलं. कान आखूड करा, जहाजात जागा खातात.” त्याने ओठांचा चंबू केला, अगदी थ्रासोन करी तसा, म्हणजे अगदी तो स्वतः करी तसा. “माझी बायको पण हेच म्हणून मला चिडवायची. ती गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो तो त्या भिंतीशी. मग मी त्यांना म्हटलं, तुम्ही म्हणाल ते मी करीन. त्यांनी म्हटलं, माझ्या लेकीला सुखात ठेव, इथे ती फार दुःखात आहे. मी हो म्हटलं.” तो प्याला, बसला. “एवढंच. खरं सांगायचं होतं ना, म्हणून.”

यावेळी डोळ्यांना कुणी हसलं नाही.

पेला भिंतीकडे आला, मिका आत्याच्या हातात. “माझा भाऊ लबाड होता,” तिने बसल्या बसल्या सुरुवात केली. “गल्लीच्या टोकाच्या घरातली बाई आठवते? तिचा नवरा चोरून प्यायचा. तिने थ्रासोनला विचारलं, काय करू? याने त्या नवऱ्यासाठी पोकळ काठाचा पेला घडवला, काठात मातीचे मणी भरले आणि त्यालाच नेऊन विकला. आव्याच्या देवाचा प्रसाद म्हणून! पेला उचलला की खुळ खुळ खुळ. बाई मागच्या दालनातून ओरडायची, ‘कितवा?’ वर्षभर त्याला कळलं नाही की बायकोला कळतं कसं.” हशा शमेपर्यंत तिने एक दमदार घोट घेतला, तोंड पुसलं. मग पेला लिसिलाच्या हातात देताना ती तिच्या कानाशी वाकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “आता ऐक. हा लाल डोळा अपशकुन आहे असं म्हण. भोकापाशी तू होतीस, तू म्हणशील ते खरं. भुतांनी डोळा फोडला, हे लग्न नको म्हणतात, एवढं बोल. तुझा काका शिंकेला घाबरतो. तो दुसरा तर समुद्रावरचा माणूस, त्याहून भित्रा. दोघं आपणहून मागे सरतील. कुणाचं मन दुखणार नाही.”

लिसिलाने पेल्यात पाहिलं. मद्य काठापासून खाली उतरलं होतं. आत्या म्हणाली ते अगदी खरं होतं. एक वाक्य पुरलं असतं. काकाने तिथल्या तिथे पेला धुवून ठेवला असता, लांपिस सुटकेने किंवा दुःखाने बंदराकडे गेला असता, आणि उद्या सकाळी ती चाकाशी बसली असती. तिला हवं होतं ते सगळं मिळालं असतं.

आणि बाबा भिंतीपलीकडे, तेवढ्याशा चिखलापलीकडे, अजून तिच्यासाठी स्थळ शोधत पडून राहिले असते.

“बोल पोरी,” आंद्रोन काका म्हणाला. त्याने हात पुढे केला होता, पेला घ्यायला. तिच्यानंतर त्याचीच पाळी होती, आणि मग पेला धुऊन, भरून लांपिसच्या हातात जायचा होता.

ती उठून उभी राहिली. बायकांनी बसूनच बोलायचं असतं, पण ती उभी राहिली.

“हा अपशकुन नाही, काका,” ती म्हणाली. “तुम्ही मघापासून त्या डोळ्याकडे बघताय म्हणून सांगते. दुसरा पेला टेकला होता. मी घाईने ठेवला. बाबा असते तर म्हणाले असते, बोटभर जागा सोडायला काय तुझ्या बापाचं जात होतं.”

कुणीतरी हसलं. लांपिसने मान वर केली.

“मला बाबांविषयी सांगायचं नाही. बाबांना सांगायचंय.” तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. पेला तिने दोन्ही कानांना धरला होता. “लांपिस, तुम्ही त्यांना दिलेला शब्द पाळायला आलात. तुम्ही चांगले आहात. पण त्यांनी तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं. ते खोटं बोलले नाहीत, त्यांना तसंच वाटत होतं. तसं त्यांना मी वाटू दिलं. लोक हळहळायचे, मी मान खाली घालायची. तेच सोपं होतं.”

मिका आत्याने काठीवर हनुवटी टेकली. कोपऱ्यातलं बदकसुद्धा गप्प झालं, किंवा तिला ऐकू येईनासं झालं. ती वेशीकडे वळली. तिथून काही दिसत नव्हतं, नुसती भिंत होती, आणि भिंतीवर ऊन.

“बाबा,” ती म्हणाली, “मी पेटी घेऊन आले त्या दिवशी तुम्ही दारात रडत होतात आणि मला धावत आत जाऊन मातीत हात घालायचा होता. तुम्ही माझं काही वाटोळं केलं नाहीत. तुम्ही चाकाशी आणि मी डोळे काढत, याहून चांगलं काही मला कधी हवंच नव्हतं. मी इथे सुखात होते, बाबा. रोज होते. मला कुठेही जायचं नाही.”